टोपड्याखालचं माप

दारव्ह्यातल्या आमच्या गल्लीत, मधलं एक वर्ष सोडलं तर, गेल्या वीस वर्षांत जन्मलेलं एकही पोट्टं असं नाही, ज्याच्या डोक्यावर माझ्या शेजारच्या रजनीनं हात ठेवला नाही. आशीर्वादासाठी नव्हे. आशीर्वाद द्यायला आमच्याकडे म्हाताऱ्या पुष्कळ आहेत, आणि त्या न मागता देतात. रजनी हात ठेवायची तो स्वेटरच्या मापासाठी.

तान्ह्या बाळाचा स्वेटर विणणं तसं काही मोठं काम नाही. मलाही येतं, आणि मला येतं म्हणजे ते किती सोपं असेल ते माझ्या सासूबाईंना विचारा. पाठ म्हणजे एक चौकोन, पोट म्हणजे दुसरा चौकोन, बाह्या म्हणजे दोन निमुळत्या पिशव्या. खरी गोम गळ्यात. तान्ह्याला मान नसतेच. खांद्यावर थेट डोकं ठेवलेलं, आणि ते डोकं सगळ्या अंगात मोठं. गळा लहान झाला की पोर कानाशी अडकतं आणि जांभळं होईस्तोवर रडतं. मोठा झाला की स्वेटर खांद्यावरून घसरतो आणि छाती उघडी पडते. डोक्याला वाट द्यायची आणि मग मानेशी परत मिटायचं, ही दोन्ही कामं त्या दोन बोटं काठाला करावी लागतात.

त्यात आमच्याकडची रीत अशी, की बाळ यायच्या आधी त्याचं नवं कापड पुरं करून ठेवायचं नाही. म्हणून रजनी सातव्या महिन्यात विणायला घ्यायची, पाठ-पोट-बाह्या करायची आणि गळ्यापाशी थांबायची. सुईवरचे टाके पांढऱ्या दोऱ्यात ओवून, दोऱ्याला गाठ मारून, स्वेटर ट्रंकेत. बाळ आलं की ही बाई हातपाय धुऊन त्यांच्या घरी हजर. दोन्ही तळवे एकमेकांवर घासून गरम करायचे, उजवा तळवा बाळाच्या डोक्यावर ठेवायचा, बोटं पसरायची, डोळे मिटायचे. आणि मग म्हणायचं, "अडुसष्ट." घरी येऊन गळ्याभोवती अडुसष्ट टाके उचलायची, आठ ओळींचा काठ घालायची, की झालं. टेप नाही, दोरा नाही. एकदाही चुकली नाही.

मी एकदा विचारलं होतं, "रजनी, माझ्या डोक्यावर ठेव ना हात. पाहू किती निघते."

"तुझ्या डोक्यात काय आहे ते हाताला लागत नाही, विमल," ती म्हणाली होती.

अशी होती. आता तुम्हाला सांगून पटायचं नाही.

तिचा नवरा नंदकिशोर. कापूस खरेदी केंद्रावर कारकून. सगळं घराणंच ऑफिसवाल्यांचं, इस्त्रीचा शर्ट आणि खिशाला पेन. पण हंगामात संध्याकाळी घरी यायचा तेव्हा डोक्यावर, भुवयांवर, कानांच्या पाळ्यांवर सगळीकडे कापसाचे तंतू. रजनी त्याला ओट्यावर बसवायची आणि तळहातानं ते केसांवरून पुसून काढायची. मी माझ्या ओट्यावरून ओरडायची, "वेचून झाला का वो कापूस? सरकी वेगळी ठेवजो बरं!" नंदकिशोर लाजायचा. पन्नाशीचा माणूस, लाजायचा. रजनी मात्र मुद्दाम जास्त वेळ पुसायची.

मग कापसाची ती वाईट वर्षं आली. भाव पडले. केंद्र आज उघडायचं, उद्या बंद. बैलगाड्यांच्या रांगा पार बसस्टँडपर्यंत, माणसं तिथंच तीन-तीन दिवस भाकरी खाऊन झोपायची. आणि त्यांना "आज माप होणार नाही" हे सांगायचं काम कोणाचं? पेनवाल्याचं. लोक त्याच्या अंगावर ओरडायचे, टेबलावर कापूस आणून फेकायचे. साहेब लोक यवतमाळला. हा घरी यायचा, ओट्यावर बसायचा, रजनी डोकं पुसायची आणि तो समोरच्या भिंतीकडे पाहत राहायचा. मी ओरडणं सोडून दिलं. मलासुद्धा कळतं कधी कधी.

त्या फेब्रुवारीतल्या एका रविवारी दुपारी जेवून आडवा झाला. चार वाजता रजनी चहा घेऊन उठवायला गेली आणि कपाळावर हात ठेवला. रडल्याचा आवाज मला आला नाही. ती शांतपणे मधल्या भिंतीशी आली आणि म्हणाली, "विमल, ह्यांचं कपाळ गार लागतंय. येतेस का पाहायला?" वाटी मागावी तसं.

त्यानंतर ती तशीच राहिली. रडली नाही, पडली नाही, अंगात आलं नाही. उठायची, झाडायची, स्वयंपाक करायची, जेवायची. क्षितिज, तिचा मुलगा, पुण्याला चल म्हणाला तर "बरं" म्हणाली. तो राहू दे म्हणाला तर "बरं" म्हणाली. तेरवीला आलेल्या बायका गेल्या, उन्हाळा गेला, पाऊस झाला, तरी हिच्या चेहऱ्यावर काही हलेना. मग मी एक आगाऊपणा केला. सांगायला लाज वाटते, पण सांगते. तिच्या चहात साखरेऐवजी मीठ घातलं. दोन चमचे. म्हटलं थुंकेल, शिव्या देईल, काहीतरी होईल. तिनं तो चहा पूर्ण प्यायला. कप धुतला. पालथा ठेवला. आणि मला म्हणाली, "तुला घाई नाही ना? बस."

मी त्या दिवशी घरी येऊन तशीच भिंतीला टेकून बसले. नवऱ्यानं विचारलं, "काय झालं?" म्हटलं, "काई नाई, मीठ संपलं."

विणणं तिनं सोडलं नव्हतं. बायका मुद्दाम लोकर आणून द्यायच्या, तेवढाच तिचा वेळ जाईल म्हणून. पण बाळ पाहायला ती कुणाच्या घरी जाईना. "डोक्याच्या मापाचा दोरा घेऊन पाठवा," एवढंच म्हणायची. कुणी बाळ घेऊन ओट्यावर आलं, तर तिच्या दोन्ही हातात सुया. सुया असल्या की मांडीत पोर कोण देणार? हे माझ्या दोन महिन्यांनी लक्षात आलं. कपाळावर ठेवलेला तो हात तिनं पुन्हा कुणाच्या डोक्याला लावलाच नव्हता.

आणि दोऱ्यावरचे गळे चुकायला लागले. गल्लीतल्या सत्यभामाच्या नातवाचा स्वेटर कानाशी अडकला. सत्यभामानं गुपचूप खांदा उसवून बटण लावलं आणि रजनीला सांगितलं, "छान बसला." दुसरीनंही तेच सांगितलं. सगळी गल्ली बेमालूम खोटं बोलत होती, मीही त्यात. आम्ही म्हणत होतो, तेवढं एक तरी तिच्याकडे राहू द्या.

जमनीला मात्र खोटं बोलणं जमत नाही. जमनी बंजाऱ्यांच्या तांड्यावरची. गेली पंचवीस वर्षं बाजाराच्या दिवशी डोक्यावर टोपली घेऊन आमच्या गल्लीत येते; थंडीत तुरीच्या शेंगा, मग बोरं, मग चिंचा. तिची मुलगी रंजिता झाली तेव्हा रजनीनं तिला स्वेटर विणला होता, जमनीनं तो अजून जपून ठेवलाय. आता रंजिता माहेरी बाळंतपणाला आलेली. दिवाळीतच जमनी लोकर घेऊन आली होती, पोपटी रंगाची. पोपटी म्हणजे किती पोपटी, तर डोळे मिटले तरी दिसावी अशी.

बाळ महिनाभर आधीच आलं. मुलगी. वजन दोन किलोलाही कमी. डॉक्टरांनी सांगितलं, छाती उघडी पडू देऊ नका, ऊब तुटू देऊ नका. डिसेंबर, आणि तांड्यावरचा वारा. जमनी दोरा घेऊन दुसऱ्याच दिवशी आली. रजनीनं दोरा पट्टीवर ठेवला, हिशेब केला, चौऱ्याऐंशी टाके उचलले, काठ घातला, दिला. दोन किलोच्या पोरीला चौऱ्याऐंशी? जुनी रजनी असती तर दोरा जमनीच्या अंगावर फेकला असता. पण मी "छान झाला" म्हटलं. खोटं बोलायची सवय लागली होती.

पुढच्या बाजाराला जमनी आली, टोपली खाली ठेवली आणि तो पोपटी स्वेटर ओट्यावर पसरला.

"बाई, ह्या गळ्यातून तं मी जाईन."

"जाऊन दाखव," मी म्हटलं.

"हसू नको विमलताई. घातला का इकडचा खांदा उतरते, वर केला का तिकडचा. छाती उघडीच्या उघडी. काल पोट्टीचे हातपाय गार पडलते. रंजितानं रातभर अंगाशी धरून ठेवली." आणि रजनीकडे वळून म्हणाली, "बाई, तुमचा गळा कधी असा नाई झाला. तुमी बिमार हा का?"

असं तोंडावर तिला दहा महिन्यांत कुणी विचारलं नव्हतं. रजनीनं स्वेटर उचलला. "नाही," म्हणाली. "पुन्हा मोजलंस का?"

जमनीनं कमरेच्या पिशवीतून दुसरा दोरा काढला. रजनीनं तो पहिल्या दोऱ्याशेजारी ठेवला. दुसरा दोरा बोटभर लांब.

"आठ दिवसांत डोकं एवढं वाढत नाही," रजनी म्हणाली.

"म्या काय खोटं मोजलं?"

रजनी दोन्ही दोऱ्यांकडे पाहत बसली. मग तिनं काठाचा धागा ओढला आणि आठही ओळी उसवल्या. त्याखालची गोलाईही उसवली. दुपारपर्यंत तिनं गोलाई अंदाजानं लहान करून पुन्हा घातली, एक खांदा जोडला, एक उघडा ठेवला. उरला फक्त काठ. जमनी तोवर शेंगा विकून परत आली होती. रजनीनं स्वेटर आणि सुया पिशवीत घातल्या, दाराला कडी लावली.

"कुठं चालली?" मी विचारलं.

"तांड्यावर."

फेब्रुवारीपासून ती गल्लीच्या तोंडापर्यंत गेली नव्हती. आणि म्हणाली कशी, तर नळावर चालले म्हणावं तशी. मी चपला शोधत मागे धावले. असली गोष्ट चुकवून मी घरी बसले असते तर गल्लीनं मला माफ केलं नसतं.

काळीपिवळी जीपमध्ये आम्ही मधल्या सीटवर पाच जणी. माझ्या मांडीवर कुणाची तरी कोंबडी. "रजनी, हिच्या गळ्याचं माप घे," मी म्हटलं. जमनी हसली, समोरचा माणूस हसला. रजनी बाहेर पाहत होती. दोन्ही बाजूंनी कापसाची पराटी उभी, बोंडं फुटलेली, वेचायला माणूस नाही. वेचून तरी न्यायचा कुठं?

वेचलेला कुठं जातो ते जमनीच्या घरात गेल्यावर दिसलं. एका खोलीचं घर, आणि अर्धी खोली कापसानं छतापर्यंत भरलेली. पांढरा डोंगरच. "माप बंद हाये ना," जमनी म्हणाली. "पिकला तं पिकला, आता त्याच्यासंगं झोपतो." त्या ढिगाला लागून खाट, खाटेवर गोधडी, गोधडीत रंजिताची लेक. दिसत होतं फक्त नाक.

"याडी, पानी दे बाईले," रंजिता आईला म्हणाली. त्यांच्यात आईला याडी म्हणतात. ही पोरगी एवढीशी असताना आमच्या ओट्यावर शेंगा सोलत बसायची, आता स्वतः याडी झालेली.

रजनीनं पाणी घेतलं. खाटेजवळ गेली नाही. "टोपडं काढ," ती जमनीला म्हणाली. "तुझ्यासमोर दोरा लावते."

"टोपडं नाई काढत बाई."

"का?"

"सव्वा महिना होऊस्तोवर टाळू उघडी नाई करत. एक तं हवा, वरून नजर. तुमी घरच्यासारख्या, पण रीत थे रीत."

मी म्हटलं, "थांब जमनी. मंग तू दोरा कशावरून घेतला?"

"टोपड्यावरून."

"आन् दुसऱ्या खेपेला?"

जमनीनं पदर सारखा केला. "थंडी वाढलती ना. दोन टोपडे होते. वरून कुंची."

मी खाटेची कड धरून हसले. "माय वो! रजनी, तू पोरीले नाई, टोपड्याले गळा घातला!" रंजिता तोंडाला पदर लावून हसायला लागली, पोटाचे टाके दुखतात म्हणून मध्येच कण्हायची आणि पुन्हा हसायची. जमनीलाही हसू आवरेना. रजनी हातात पेला धरून उभी होती. तिच्या चेहऱ्यावर काही नव्हतं.

"मग माप कसं घेऊ?" तिनं विचारलं.

उत्तर आम्हा तिघींनाही माहीत होतं. जमनी डोकं उघडू देणार नव्हती. रजनी हात लावणार नव्हती. मधे दोन किलोचं नाक श्वास घेत होतं.

"अंदाजानं घाल," मी म्हटलं. मला घाई झाली होती तिथून निघायची. "सत्तर घाल. नाई तं बटण लावू, सत्यभामानं लावलं तसं."

माझ्या तोंडाला कुलूप नाही ते असं. रजनीनं माझ्याकडे पाहिलं.

"सत्यभामानं बटण लावलं?"

"आणि दुसऱ्या घरी?" तिनं विचारलं. "तिसऱ्या?"

"सगळेच काई चुकले नाई," मी म्हटलं.

ती रागावली असती तर मला बरं वाटलं असतं. तिनं पेला खाली ठेवला आणि खाटेच्या कडेला बसली, थकलेला माणूस बसतो तसं. बाळाच्या टोपड्यावर कापसाचे तंतू चिकटले होते. शेजारी एवढा ढीग, चिकटणारच. रजनी त्या तंतूंकडे पाहत होती. मग तिचा उजवा हात गेला आणि तिनं एक तंतू उचलला. मग दुसरा. मग तळहातानं टोपड्यावरून पुसलं, समोरून मागे, नंदकिशोरचं डोकं पुसायची तसं. हे तिला कळत होतं की नाही, मला सांगता येणार नाही. मला कळत होतं. मी कोंबडीवाल्या जीपचा विचार करायला लागले.

पुसून झालं. हात टोपड्यावरच राहिला.

"उघडत नाही," ती जमनीला म्हणाली. "खालून हात घालते. चालेल?"

जमनीनं विचार केला. उठली, दार लोटलं, दाराला पाठ लावून उभी राहिली. "घाला."

रजनीनं तळवे एकमेकांवर घासले. दोनदा, तीनदा, बराच वेळ. मग टोपड्याच्या मागच्या बाजूनं बोटं आत सरकवली, हळूहळू, मनगटापर्यंत. कापडाखाली तिची बोटं पसरताना दिसली. डोळे तिनं मिटले नाहीत. बाळानं ओठ हलवले आणि पुन्हा झोपलं.

आम्ही वाट पाहत होतो.

"उडते आहे," रजनी म्हणाली.

"काय?"

"टाळू."

"उडतेच ना बाई," जमनी दारापाशी म्हणाली. "जिती हाये पोट्टी."

"हो," रजनी म्हणाली. मग म्हणाली, "साठ."

मी पिशवी तिच्यापुढे सरकवली. तिनं डावा हातही पुढे केला नाही.

"तू घाल. मी सांगते."

"मी? माझ्या हातचं विणलेलं पाहून तू चार दिवस जेवत नव्हतीस!"

"साठ टाके उचल. उघड्या खांद्याकडून सुरू कर. पाठीकडे चोवीस, पुढे छत्तीस. गोलाईत ओढू नकोस."

मी सुया घेतल्या. वीस वर्षांत तिनं मला कधी आपल्या सुया दिल्या नव्हत्या. टाके उचलताना माझा दोनदा गोंधळ झाला, ती स्वेटरकडे न पाहताच म्हणाली, "मोज." मोजले तर एकोणसाठ. एक सुलट, एक उलट. एक सुलट, एक उलट. पोपटी लोकर डोळ्यांत खुपत होती. जमनीनं चूल पेटवून चहा ठेवला. रंजिता भिंतीला टेकून पेंगायला लागली. रजनी खाटेच्या कडेला बसलेली, हात टोपड्याच्या आत, नजर समोरच्या कापसावर. मधेच म्हणायची, "घट्ट झाली ओळ. सैल धर." माझी ओळ घट्ट झाली हे तिला कसं कळत होतं, देव जाणे.

जमनीनं चहा आणून दिला. रजनीनं डाव्या हातानं कप धरला, एक घोट घेतला.

"साखर जास्त झाली," ती म्हणाली.

जमनी म्हणाली, "बाळंतिणीच्या घरचा हाये, गोडच राहीन." मी मान खाली घालून विणत राहिले. सहावी ओळ. सातवी.

आठवी ओळ संपली. "झाला काठ," मी म्हटलं. "आता बंद करते. दोन टाक्यांतून एक, सैल हातानं, मले माहीत हाये. तू हात काढ, खांदा शिवून घालून पाहू."

रजनीनं हात काढला नाही.

"अजून दोन ओळी घाल," ती म्हणाली.

तान्ह्याच्या गळ्याला आठ ओळींचा काठ पुरतो. हे मला तिनंच शिकवलं होतं, दहा केला की हनुवटीला टोचतो म्हणून ओरडलीही होती. माझ्या तोंडाशी एक चांगलं उत्तर आलं होतं. मी सुई पालटली आणि नववी ओळ सुरू केली.